चार हात सोडून

भिजवलेले हरभरे माझ्या मुठीतच राहिले.

हॉलमध्ये एकवीस बायका होत्या. मी मोजल्या होत्या, कारण ओटीचे हरभरे कमी पडू न देणं माझ्याकडे होतं. चांदीचा करंडा घेऊन सासूबाई पुढे, त्यांच्यामागे परात घेऊन मी, आणि माझ्यामागे अत्तरदाणी घेऊन शेजारच्या पेठकरकाकू, अशा आम्ही भिंतीच्या कडेनं सरकत होतो. सासूबाई एकेकीसमोर वाकायच्या. हळद, कुंकू आणि एखादा शब्द. "गुडघा काय म्हणतोय?" "हा गजरा घरचा का गं?" विसाव्या बाईला कुंकू लावून त्या सरळ झाल्या, करंड्याचं झाकण लावलं आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

एकविसावी बाई माझी आई होती.

माई दाराशी बसली होती. सतरंजी जिथं संपत होती तिथून चार हात सोडून, उघड्या फरशीवर, गुडघे जवळ घेऊन. सासूबाई येतील म्हणून तिनं पदर सारखा केला होता आणि मान थोडी वर धरली होती. ती मान तशीच राहिली.

माझी मूठ पुढे आलेली होती. माईनं माझ्याकडे बघून मान हलवली, दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतकीच. तिचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता : बोलू नकोस. मी बोलले नाही. कुंकवाआधी ओटी भरत नाहीत, म्हणून हरभरे परत परातीत टाकले.

मागून पेठकरकाकू हलकेच म्हणाल्या, "बरोबर केलं हो तुझ्या सासूनं. गौरीचं आहे शेवटी."

माई उठली. ती चपला घालत असताना मी तिला दारात गाठलं.

"माई, थांब ना. मी विचारते त्यांना."

"काय विचारणार? कुंकू मागून घेतात का?" ती हसली सुद्धा. "डाळीचा वास छान सुटलाय. कैरी आंबट मिळाली वाटतं. जाते मी, सहाची इस्लामपूर गाडी मिळेल."

तिनं ना डाळ खाल्ली होती ना पन्हं घेतलं होतं.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा कऱ्हाडला राहत होतो आणि मी तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. माझे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. माई इस्लामपूरला बालवाडी चालवायची. चाळीस मुलांसमोर उभी राहून मोठ्या आवाजात गाणी म्हणणारी ही बाई, वडील गेल्यापासून कुठल्याही कार्यात गेली की दार शोधायची आणि दाराजवळ बसायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही.

तिला हळदीकुंकवाला बोलवायचा हट्ट माझा नव्हता, सासूबाईंचा होता. चैत्र लागताच त्यांनी गौर धुऊनपुसून झोपाळ्यात बसवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला, हेमंतला, बरोबर घेऊन त्या थेट इस्लामपूरला गेल्या. हेमंतनं मला तिथलं बोलणं नंतर जसंच्या तसं सांगितलं होतं.

"विहीणबाई, अक्षय्यतृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी माझ्याकडे गौरीचं हळदीकुंकू आहे. तुम्ही यायचं. बघायला नाही, घ्यायला."

"अहो, मी कशी घेऊ? फार तर हळद लावा."

"हळद म्हणजे काय सूट आहे का? दोन्ही लावीन आणि ओटीही भरीन. गौर म्हणजे माहेरी आलेली पोर. माहेरी आलेल्या पोरीच्या आईलाच बाहेर ठेवलं तर ती पोर माझ्या झोपाळ्यावर बसेल का?"

माईनं दोन आठवडे नाही-नाही केलं. सासूबाईंनी पुन्हा निरोप धाडला. शेवटी ती आली, फिकट निळी इरकल नेसून. बाबांनी घेतलेली ती शेवटची साडी होती आणि तीन वर्षांत तिनं तिची घडी मोडली नव्हती. ती आली तेव्हा सासूबाई आत पन्ह्याला गूळ चिरत होत्या. मी सांगायला निघाले तर माईनं मला अडवलं. "कामात असतील. रांगेत येतीलच की माझ्यापर्यंत."

त्या आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी हेमंत ऑफिसातून आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं, "तुझ्या आईनं माझ्या आईला घरी बोलावून, वीस बायकांसमोर वगळलं."

"मुद्दाम नाही करणार गं ती."

"मग?"

"विसरली असेल."

"वीस बायकांची नातवंडं नावानिशी आठवतात त्यांना. एकविसावी विसरल्या?"

तो हातपाय धुवायला गेला. माझ्याकडे मात्र उत्तर होतं. सासूबाईंनी मनापासून बोलावलं असेल, पण ऐन वेळी बायकांच्या नजरा पाहून त्यांचा धीर सुटला असेल. हे मला पटलं, कारण ते सगळ्यात सोपं होतं. गेलं वर्षभर तसंही लोक सासूबाईंबद्दल म्हणायला लागलेच होते की आष्टेकरकाकू बदलल्या. रस्त्यात शेजारून गेलं तरी ओळख देत नाहीत. देवळात कुणी प्रसाद पुढे केला तर हात पुढे करत नाहीत. "मुलगा मोठा झाला, सून प्रोफेसर आली, आता आम्ही कशाला दिसतोय," असं पेठकरकाकू मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मला सकाळचा तास नव्हता. सासूबाई गौरीपुढे बसून मोगरा निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तोवर मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. तेव्हाही चढवला नाही.

"आई, एक विचारायचंय. बोलवायचं नव्हतं तर बोलावलंत कशाला?"

"कुणाला?"

"माईला."

त्यांनी हातातलं फूल खाली ठेवलं. "तेच मी तुला विचारणार होते. दोन दोनदा बोलावलं. यायचं नव्हतं तर तसं कळवायचं. कुणाची जबरदस्ती नव्हती." मग त्यांनी गौरीच्या झोपाळ्यामागून एक ताट ओढलं. त्यात एक नारळ, जांभळ्या काठाचा खण, पाच फळं आणि वाटीभर हरभरे होते. हरभऱ्यांना मोड आले होते. "ही तिची ओटी. वेगळी काढून ठेवली होती. शेवटी लावीन, निवांत चार शब्द बोलीन म्हणून थांबले होते. आली नाही. आता हे काय करायचं ते कर."

मला आठवतं, मी आधी ताटाकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे. त्या रागावल्या होत्या. अगदी खऱ्या रागावल्या होत्या.

"आई, माई आली होती."

"कधी?"

"पाच वाजता. पाऊण तास बसली होती."

"कुठं?"

"दाराजवळ. देसाईवहिनींच्या पलीकडे."

"देसाईच्या पलीकडे कुणी नव्हतं."

"होती."

"वैजू, खोटं बोलू नकोस."

"मी तुमच्याशी कधी खोटं बोललेय?"

त्यांचा राग असा उतरला की जणू कुणी काढून घेतला, आणि त्याखाली जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. त्यांनी पुन्हा फुलं निवडायला घेतली. "गर्दीत लक्ष गेलं नसेल," असं म्हणून त्या निवडत राहिल्या.

मी तिथून निघाले नाही. त्यांच्या डाव्या अंगाला सरकले आणि हातभर अंतरावर उभी राहिले. माझ्या साडीचा काठ त्यांच्या फुलांच्या टोपलीला लागत होता. मी बांगड्या मनगटावर घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून. सासूबाईंनी चार फुलं निवडली, पाचवं टाकून दिलं, आणि सुस्कारा सोडून गौरीला म्हणाल्या, "गेली बाई ती रागावून."

मी तिथंच होते.

कॉलेजात मी मुलांना सांगायचे की निरीक्षणं आधी लिहा, निष्कर्ष नंतर. स्वतः मात्र उलट केलं होतं. मी खोलीत जाऊन वहीचं मागचं पान काढलं आणि लिहायला बसले. पाण्याचा तांब्या भांड्याशेजारी रिकामा होतो. दाराच्या चौकटीला नेहमी डावा खांदाच लागतो. देवळात प्रदक्षिणा घालताना भिंतीला हात लावून चालतात. विचारलं तर म्हणतात, देवाची भिंत गार लागते. आणि चैत्रांगण. दरवर्षी चैत्रात त्या अंगणभर रांगोळी घालायच्या. शंख, चक्र, कासव, गौरीची पावलं, तुळस, सगळं. या वर्षी तेच सगळं, एकही चिन्ह न वगळता, त्यांनी एका पाटाएवढ्या जागेत काढलं होतं. रेघा तशाच सरळ. "वयानं हात आखडला," असं सगळ्यांनी म्हटलं होतं. मीही.

दुसऱ्या बाजूला लिहिलं : सुईत दोरा एका झटक्यात ओवतात. पोथी चष्म्याशिवाय वाचतात.

ही दुसरी बाजूच सगळ्यांना फसवत होती. समोरचं त्यांना स्वच्छ दिसत होतं. कडेचं दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी मी शिवणाच्या डब्यातली एक विणायची सुई घेतली, तिच्या टोकाला माझी लाल टिकली चिकटवली, कॉलेजातून आणलेला मोठा कोनमापक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि सासूबाईंना खुर्चीत बसवलं.

"हे काय? मला परीक्षेला बसवतेस?"

"हो. तोंडी आहे."

"नापास झाले तर?"

"तर ऑक्टोबरला पुन्हा बसायचं. एक डोळा हातानं झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. ही टिकली कडेनं पुढे आणते. दिसली की सांगा."

"तुझ्या नाकाकडे काय बघायचंय? चार वर्षं तेच बघतेय."

मी सुई त्यांच्या कानाच्या रेषेपासून हळूहळू पुढे आणू लागले. निरोगी डोळ्याला ती जवळजवळ लगेच दिसते, नव्वद अंशांवर. मी साठपर्यंत आणली. त्या गप्प. चाळीसपर्यंत आणली. बाहेर भाजीवाली ओरडून गेली. तीस.

"आण ना," त्या म्हणाल्या. "कधी सुरू करणारेस?"

माझा हात थांबला नाही याचं मला आजही समाधान वाटतं. वीस अंशांवर त्या म्हणाल्या, "हं. ही बघ आली." तो उजवा डोळा होता. डाव्यानं टिकली बाराव्या अंशावर पाहिली. मी प्रत्येक बाजू तीन तीनदा मोजली आणि कागदावर दोन गोल काढले, निरोगी डोळ्याचा मोठा आणि त्याच्या आत त्यांचा. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सासूबाईंनी दोन्ही गोल पाहिले. आतल्या गोलावर बोट ठेवलं. "एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

त्यांनी बोट त्या गोलाच्या कडेनं फिरवलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. मला वाटलं, लोकच कमी यायला लागलेत."

"डॉक्टरांकडे का नाही गेलात?"

"माझ्या आईचं असंच झालं होतं. कळलं तसं तिला कोपऱ्यात बसवलं. चुलीपाशी जायचं नाही, सोवळ्याला शिवायचं नाही. हातात माळ दिली, म्हणाले आता देवाचं नाव घे. ती म्हणायची, देवाचं नाव मी पोळ्या लाटतानाही घेतच होते की." त्यांनी कागद माझ्याकडे सारला. "वैजू, माझी गौर काढून घ्याल तुम्ही."

"कुणी काही काढून घेत नाहीये. उद्या डॉक्टरांकडे जायचं. हेमंतचेही डोळे दाखवायचे. हे आईकडून मुलाकडे येतं."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. स्वतःसाठी त्या उठल्या नसत्या. मुलासाठी लगेच उठल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावर जे मोजलं ते माझ्या आकड्यांपासून दोन-तीन अंशांनीच वेगळं होतं. काचबिंदू. ते सरळ बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती सांभाळायची. सकाळ-संध्याकाळ थेंब, आयुष्यभर, एक दिवस चुकवायचा नाही." हेमंतचे डोळे चांगले निघाले, पण दर वर्षी दाखवा म्हणाले.

रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "अक्षय्यतृतीया कधी आहे?"

"गुरुवारी."

"म्हणजे गुरुवारी गौर झोपाळ्यावरून उतरणार. तोपर्यंतच तिचं हळदीकुंकू."

"मी माईला फोन करते. बालवाडीशेजारी दुकानात फोन आहे. सगळं सांगते, ती समजून घेईल."

"काय सांगशील? सासूला दिसत नाही, तिला माफ कर?" त्या पुढे बघत होत्या. "तू काही सांगायचं नाहीस. वगळलं मी, सांगेन मी. मात्र एक सांग. तू माझ्या मागेच होतीस. मग तू का नाही म्हणालीस, आई, माई राहिली?"

मी म्हटलं, "तिनं नको म्हणून मान हलवली."

"आणि तू ऐकलंस."

"हो."

"बरी आहेस," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्याची गरजही नव्हती. एक अख्खी रात्र मी त्यांना दोषी धरून बसले होते. दोन शब्द मी बोलले असते तर माई तेव्हाच, तिथंच, कुंकू लावून उठली असती.

गुरुवारी सकाळी नैवेद्य दाखवून सासूबाईंनी गौरीसमोर हात जोडले. "पोरी, आजचा दिवस थांब. संध्याकाळी उतरवते तुला," म्हणाल्या. मग ती ओटी ताज्या हरभऱ्यांसह पिशवीत भरली, करंडा फडक्यात गुंडाळून वर ठेवला आणि आम्ही स्टँडकडे निघालो. फाटकातच पेठकरकाकू भेटल्या. या वेळी त्या समोरून आल्या, त्यामुळे सासूबाईंना दिसल्या.

"सणाच्या दिवशी कुठं निघालात सासू-सुना?"

"एक हळदीकुंकू राहिलंय, ते द्यायला."

"कुणाचं राहिलं? सगळ्यांना तर लावलंत."

"विहीणबाईंना नाही लावलं. माझ्याकडून चूक झाली."

पेठकरकाकू जराशा गडबडल्या. "अहो, चूक कसली त्यात. त्यांना कसं चालेल? म्हणजे, गौरीचं आहे शेवटी..."

"म्हणूनच तर," सासूबाई म्हणाल्या. "माझं असतं तर पुढच्या वर्षीवर ढकललं असतं."

डोळ्यांबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ते सांगितलं असतं तर चूक लगेच माफ झाली असती. पण मग संध्याकाळपर्यंत कॉलनीनं त्यांना कोपऱ्यात नेऊन बसवलं असतं. त्यांनी चूक पत्करली. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. "मला काय, समोरचंच दिसणार. तू बस, हवा खा."

बालवाडीला उन्हाळ्याची सुट्टी होती. माई घरीच होती, मुलांसाठी पुठ्ठ्याचे प्राणी कापत बसलेली. आम्हाला दारात बघून ती उठली. "या," म्हणाली. पाणी आणलं, गूळ आणला. सगळं रीतसर केलं. फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. मग सासूबाईंना तिनं खुर्ची दिली आणि स्वतः पलीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, खाली बसली.

स्वतःच्या घरातही चार हात सोडून.

सासूबाई पाणी प्यायल्या. भांडं खाली ठेवताना ते स्टुलाच्या कडेला लागलं. मी हात पुढे केला, पण तोवर त्यांनीच ते चाचपून नीट ठेवलं.

"विहीणबाई, मी भांडायला आलेय."

माई म्हणाली, "बोला."

"तुम्ही आलात, पाऊण तास बसलात, आणि मला हाक मारली नाहीत?"

"हाक मारून कुंकू घेतात होय? तुम्हाला नसेल योग्य वाटलं. मी काही मनात ठेवलेलं नाही. उलट मलाच वाटत होतं, येऊ नये."

"मला योग्य-अयोग्य काही वाटलं नाही. मला तुम्ही दिसलाच नाहीत."

माई किंचित हसली. तिला तो शब्द नेहमीच्या अर्थानं लागला. विधवा झाल्यापासून तिला न दिसण्याची सवय होती. "असू दे. होतं असं."

"असू दे नाही. ऐका." सासूबाईंनी दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूला उभे धरले, टांग्याच्या घोड्याला झापडं असतात तसे. "मला एवढंच दिसतं. कडेचं सगळं गेलंय. काचबिंदू म्हणतात. आधी हिनं मोजलं, मग डॉक्टरांनी. दोन वर्षं मी चोरून ठेवलं, कारण मला स्वयंपाकघर सोडायचं नव्हतं. घरच्यांखेरीज आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय."

माईच्या हातात अजून कात्री होती. तिनं ती खाली ठेवली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"आत्ता मी तुम्हाला दिसतेय?" तिनं विचारलं.

"तुमचा आवाज कुठून येतोय ते कळतंय."

माई उठली. मला वाटलं, रडेल. पण ती बालवाडीच्या बाईंसारखी उठली, एखादं मूल पडल्यावर त्या उठतात तशी. "थेंब कोण घालतं डोळ्यांत?"

"ही घालते."

"ही कॉलेजात गेल्यावर?"

"सकाळी जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर."

"वेळ एकच ठेवा. कागदावर लिहून भिंतीला लावा आणि रोज खूण करा. माझी मुलंसुद्धा करतात."

"करीन. आता बसा." सासूबाईंनी पाट मांडल्यासारखा हात हवेत पुढे केला आणि समोरच्या फरशीवर बोट दाखवलं. "इथं. अगदी माझ्यासमोर. पुन्हा कधी माझ्या घरी आलात तरी इथंच बसायचं. चार हात सोडून बसणाऱ्या बायका मला आता दिसत नाहीत."

माई क्षणभर उभी राहिली. मग पदर सारखा करून तिथं बसली. सासूबाई खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघ्याला गुडघा लागत होता.

सासूबाईंनी करंडा फडक्यातून सोडवून डाव्या हातात, मांडीशी धरला आणि झाकण काढलं. माईच्या कपाळावर नजर ठेवून उजवं बोट खाली नेलं. हळद लावली. पुन्हा बोट नेलं. वर आलं तेव्हा त्यावर पुन्हा हळदच होती. त्यांना बोट दिसलं आणि त्या थबकल्या. कपाळाकडे बघितलं की करंडा हरवत होता आणि करंड्याकडे बघितलं की कपाळ. त्यांनी बोट पदराला पुसून तिसऱ्यांदा खाली नेलं. या वेळी ते करंड्याच्या बाहेर, लुगड्यावर टेकलं.

मी पुढे झाले. माईनं माझ्याकडे बघून मान हलवली, तशीच, एवढीशी. या वेळी मात्र ती तेवढ्यावर थांबली नाही. तिनं सासूबाईंच्या हातातून करंडा काढून घेतला. तीन वर्षांत तिनं करंड्याला हात लावला नव्हता. कुंकवाचा कप्पा सासूबाईंच्या बाजूला येईल असा तो वळवला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या कपाळाजवळ उचलून धरला.

"दिसतोय?"

"थोडा वर," सासूबाई म्हणाल्या.

माईनं थोडा वर धरला.